काट्याची भाषा आणि तिचे वाचक

दूधगंगा आणि वेदगंगा या दोन नद्यांची नावे धारण करणारा सहकारी साखर कारखाना ज्या गावी उभा आहे, त्या बिद्रीच्या पंचक्रोशीत गळीत हंगाम सुरू झाला, की शेतकऱ्याच्या वर्ष-दीड वर्षाच्या श्रमांचे मोल वजनकाट्यावर ठरू लागते. वाहन भरलेले असताना एकदा आणि ऊस उतरवून रिकामे झाल्यावर पुन्हा एकदा काट्यावर चढते. दोन्ही वजनांची वजाबाकी पावतीवर उमटते, आणि १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे जी रक्कम १४ दिवसांच्या आत अदा करावयाची, तिच्या हिशेबाचा आरंभ याच आकड्यापासून होतो.

वजननोंदीच्या आज्ञावलीच्या कामानिमित्त या भागातील काट्यांच्या खोल्यांत बसण्याचा योग मला अनेकदा आला. काट्याखालच्या लोडसेलवर भार पडला, की भिंतीलगतच्या इंडिकेटरवर लाल अंक झळकतात आणि तोच इंडिकेटर एका बारीक केबलीतून संगणकाकडे सेकंदाला अनेक संदेश धाडीत राहतो. ट्रॅक्टरवाला पाहतो तो लाल आकडा, परंतु दफ्तरात दाखल होतो तो मात्र केबलीतून आलेला, आणि या दोहोंची रुजवात चुकली तर पावतीला अर्थ उरत नाही.

हे संदेश सर्व बनावटींत सारखे नसतात, आणि खरे कठीण काम येथेच आहे. समजा, काट्यावर १५,२४० किलो भार आहे. एका बनावटीचा इंडिकेटर न दिसणारे प्रारंभचिन्ह पाठवून मग ‘+०१५२४००१९’ अशी अक्षरे आणि शेवटी समाप्तिचिन्ह पाठवितो: पहिले धन-ऋण चिन्ह, त्यापुढील सहा अंक वजनाचे, नंतरचे शून्य दशांशस्थानाचे, आणि अखेरचे १ व ९ हे आधीच्या अक्षरांवरून काढलेले पडताळणीचे अंक. शेजारच्या मोटारीच्या विद्युत्‌-गोंगाटाने वाटेत एखादा अंक बिघडला, तर ही पडताळणी जुळत नाही. दुसऱ्या बनावटीचा इंडिकेटर ‘=’ हे चिन्ह देऊन तेच अंक उलट्या क्रमाने, म्हणजे ०४२५१० असे, धाडतो. टोलेडो नावाच्या तिसऱ्या पद्धतीच्या संदेशात आरंभी स्थितिदर्शक तीन अक्षरे, मग सहा वजनाची आणि सहा रिकाम्या वजनाची.

प्रत्येक संदेशप्रकारासाठी एक स्वतंत्र वाचक, प्रोग्रामर ज्याला पार्सर म्हणतात तो, लिहावा, आणि या सर्व वाचकांवर एकच जाबता लागू करावा, की आत कोणतीही अक्षरे येवोत, बाहेर वजन, एकक आणि काटा स्थिर आहे की नाही, एवढेच सांगावे. कोणत्या काट्याला कोणता वाचक द्यावयाचा, हा निर्णय फॅक्टरी क्लास नावाच्या एकाच ठिकाणी होतो. आज्ञावली सुरू होताच तो काट्याच्या नोंदीतील बनावट पाहतो, तिला योग्य असा वाचक घडवून हवाली करतो, आणि पावती छापणाऱ्या किंवा खाते लिहिणाऱ्या भागाला बनावटीचे नावही ठाऊक असण्याचे कारण उरत नाही. गॅमा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसिडिस या चौघांच्या १९९४ च्या ‘डिझाइन पॅटर्न्स’ या ग्रंथाने अशा रचनांना नावे दिली. त्यामागची मूळ प्रेरणा क्रिस्टोफर अलेक्झांडर या वास्तुशास्त्रज्ञाची होती, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण घर बांधणाऱ्याप्रमाणेच आज्ञावली लिहिणाऱ्यालाही उद्याची दुरुस्ती आज मनात धरावी लागते. ऐन हंगामात, मध्यरात्री, इंडिकेटर जळतो, हाताशी असतो तो दुसऱ्या बनावटीचा, आणि बाहेर वाहनांची रांग वाढत असते. अशा वेळी नोंदीतील एक शब्द बदलून, मोहोरबंद वजनांनी खातरजमा करून काटा पुन्हा चालू करता आला, तर या रचनेने आपले काम केले.

अनेकांना मोह होतो, की फॅक्टरी क्लासने आलेला संदेश पाहून बनावट स्वतःच ओळखावी. माझा त्याला ठाम विरोध आहे. वरच्या उदाहरणातील ०४२५१० हे अंक सरळ वाचले, तर ४२,५१० किलो निघतात. उसाने भरलेल्या मोठ्या वाहनाच्या बाबतीत तो आकडा अशक्य दिसत नाही, म्हणून कोणी हरकत घेणार नाही, आणि तफावत मात्र २७,२७० किलोंची पडेल. म्हणून नोंदीत नसलेल्या बनावटीसाठी फॅक्टरी क्लासने कोणताही वाचक देऊ नये, उघड नकार द्यावा. पावती थांबली तर रांगेतील माणूस रागावेल, पण त्याचा ऊस शाबूत राहील.

सर्वांत जिकिरीचे प्रकरण काटा स्थिर आहे की नाही, याचे. टोलेडो पद्धतीत दुसऱ्या स्थितिदर्शक अक्षरातील एक बिटच हलणारा काटा दाखवितो, आणि वाचकाला तो नुसता पाहावा लागतो; परंतु ‘=’ ने सुरू होणाऱ्या संदेशात अशी सोय नाही. ट्रॉलीची मागची चाके अजून चढत असता किंवा वाहन नुकतेच थांबून झुलत असता आकडे क्षणोक्षणी बदलतात, तेव्हा या वाचकाने आपल्यापाशी मागील काही वजने राखून ती एकमेकांशी जुळेपर्यंत ‘अस्थिर’ असेच उत्तर देत राहावे लागते. त्यामुळे प्रत्येक काट्यासाठी फॅक्टरी क्लासने नवा, निराळा वाचक घडवावा. दोन काट्यांना एकच दिला, तर एकावरील ट्रकची वजने दुसऱ्यावरील बैलगाडीच्या वजनांत मिसळतील, आणि काटे स्तब्ध असूनही दोन्ही पावत्या अडून राहतील.