नवजाताच्या खाटेपाशी

१९५६ साली आपल्या शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. त्याच्या रुग्णालयाला सारा मराठवाडा ‘घाटी’ म्हणतो. अशा रुग्णालयात अपुऱ्या दिवसांचे मूल ठेवले, की आजी-आत्यांना दारातच थांबवतात. त्यांना राग येतो. पण त्या मुलाला आईच्या रक्तातील प्रतिद्रव्ये पुरती मिळालेली नसतात. त्वचाही फार नाजूक. क्लेब्सिएलासारखे जंतू त्याच्यापर्यंत बहुधा पोचतात ते हातांवरून – आजीच्या, आणि आम्हा डॉक्टरांच्याही! व्हिएन्नात १८४७ मध्ये झेमेलवाइसने डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले. बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले, डॉक्टर मात्र रुसले. साबणाने हात धुण्यास ४० ते ६० सेकंद द्यावेत. अंगठी आधी उतरवावी, तिच्याखाली जंतू टिकून राहतात. आईला मात्र बाहेर ठेवू नये, असे आमचे मत आहे. हात धुऊन तिने मूल उघड्या छातीशी धरले, तर त्याला ऊबही मिळते आणि दूधही.