एक फोन, चाळीस मुलं

जून उजाडला की शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप गटांवर एक यादी फिरू लागते. 'शिक्षकांसाठी शंभर उपयुक्त संकेतस्थळे' असं काहीतरी तिचं नाव असतं. ती मागच्या वर्षीच्याच गटातून कुणीतरी उचललेली असते आणि तिच्यातले बरेच दुवे केव्हाच बंद पडलेले असतात. दहा-बारा अंगठे उमटतात आणि यादी वर सरकून दिसेनाशी होते. यादी करणाऱ्याचा यात दोष नाही. साधनं खरोखरच शेकडो आहेत. पण रात्री टाचण काढायला बसलेल्या शिक्षकापुढचा प्रश्न निराळा असतो. उद्या तिसऱ्या तासाला आठवीत धाराविद्युत आहे. वर्गात चाळीस मुलं, आपला एक फोन, लोकवर्गणीतून आलेला एक टीव्ही, आणि वीज असेल तर असेल. यात काय चालेल?

हा प्रश्न आधी ठेवला की यादी झपाट्याने आखूड होते. फळा आणि खडूने जे उत्तम होतं, त्यासाठी पडदा कशाला? आणि रेंज गेल्यावर जो तास बुडतो, त्याच्या भरवशावर वर्गात जायचं तरी कसं? या दोन चाळण्यांतून जे खाली उरतं, त्यातलंच थोडं इथे मांडतो आहे.

सुरुवात हातातल्या पाठ्यपुस्तकापासूनच करू. बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड असतात आणि ते स्कॅन केले की 'दीक्षा' या राष्ट्रीय मंचावरचं साहित्य उघडतं, हे बहुतेक शिक्षकांना ठाऊक आहे. 'दीक्षा' २०१७ साली सुरू झालं. पुस्तकात असे कोड छापायच्या कल्पनेचा इतिहास आपल्याच राज्यात रुजलेला आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी आधी आपल्या मुलांच्या पुस्तकांत हा प्रयोग केला. पुढे २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज त्यांना मिळाला आणि त्यांनी दहा लाख डॉलरच्या बक्षिसातली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून टाकली, तेव्हा हे काम जगभर पोचलं.

'दीक्षा'वरचं साहित्य मात्र एका मापाचं नाही. काही चित्रफिती नेमक्या आहेत, काहींमध्ये स्लाइडवरचा मजकूर कुणीतरी वाचून दाखवतो, एवढंच. म्हणून कोड वर्गात पहिल्यांदा स्कॅन करू नये. आदल्या दिवशी स्वतः पाहावा. चांगला निघाला तर अॅपमध्येच उतरवून ठेवता येतो आणि मग नेट नसलं तरी चालतो. उतरवलेला घटक एका फोनवरून दुसऱ्या फोनवर देण्याचीही सोय आहे. केंद्रातल्या एकाच शाळेत बरी रेंज असली तरी बाकीच्यांचं काम भागू शकतं.

आता त्या आठवीच्या तासाकडे वळू. त्यासाठी माझ्या मते सर्वांत मोलाचं साधन म्हणजे 'फेट'. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा हा प्रकल्प २००२ साली कार्ल वीमन यांनी सुरू केला. त्याआधीच्याच वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. नोबेल मिळवलेला माणूस शाळकरी विजेरी-बल्बकडे वळला, ही गोष्ट मला त्या पारितोषिकाइतकीच महत्त्वाची वाटते. भौतिक, रसायन, गणित आणि जीवशास्त्र या विषयांची हलती, हाताळता येणारी प्रतिरूपं इथे मोफत मिळतात. कितीतरी मराठीतही आहेत. शिवाय प्रत्येक प्रतिरूप एकेका फाइलच्या रूपात उतरवून घेता येतं. ते लॅपटॉपवर ठेवलं की नेटची गरज संपली.

विद्युत परिपथाचं प्रतिरूप उघडा. पडद्यावर बॅटरी, वायर, बल्ब, स्विच ठेवलेले असतात. ते ओढायचे आणि जोडायचे. परिपथ पूर्ण झाला की बल्ब पेटतो आणि वायरीतून निळे ठिपके, म्हणजे इलेक्ट्रॉन, सरकू लागतात. फळ्यावर नेमकं हेच दाखवता येत नाही. पुष्कळ मुलांच्या मनात अशी पक्की समजूत असते की वीज बल्बमध्ये थोडी 'खर्च' होते आणि पुढे कमी जाते. पाठ्यपुस्तकातल्या एका वाक्याने ती जात नाही. म्हणून दोन बल्ब एकसर जोडायच्या आधी थांबा आणि विचारा, 'दुसरा बल्ब पहिल्यापेक्षा मंद पेटेल की तेवढाच?' उत्तर वहीत लिहून घ्या. मगच जोडणी पूर्ण करा. दोन्ही बल्ब सारखेच पेटतात आणि ठिपके बल्बच्या अलीकडे-पलीकडे एकाच वेगाने जातात. ज्यांचा अंदाज चुकला ती मुलं आता कारण विचारतात, आणि तासाला खरी सुरुवात तिथे होते. आधी अंदाज लिहून न घेता प्रतिरूप नुसतं चालवून दाखवलं तर मुलं रंगीत ठिपके बघतात आणि खूश होतात. बस, तेवढंच.

त्यातच एखाद्याला शॉर्टसर्किट करायला सांगा. पडद्यावरच्या बॅटरीला ज्वाळा लागतात आणि वर्ग खदखदून हसतो. प्रत्यक्षात जे कधी करू नये, ते इथे दहादा करून पाहता येतं.

तरीही खरा सेल आणि टॉर्चचा बल्ब टेबलावर हवाच. पडद्यावरची जोडणी कधी सैल होत नाही, खरी होते. बल्ब का पेटत नाही हे शोधताना मुलं जे शिकतात, ते कोणत्याही प्रतिरूपात नाही. जिथे प्रयोगाचं साहित्य आहे तिथे आधी ते वापरावं आणि प्रतिरूप नंतर. साहित्य नसेल तिथे उलट. प्रयोगशाळाच नाही अशा माध्यमिक शाळेला सी-डॅक आणि अमृता विश्व विद्यापीठ यांची 'ओलॅब्स' ही आभासी प्रयोगशाळाही पाहता येईल. तिची घडण परीक्षेतल्या प्रयोगांच्या जवळची आहे, म्हणून दहावीला बरी.

आता अंदाज वहीत लिहून घेतले, पण चाळीस वह्या कोण तपासणार? इथे 'प्लिकर्स' कामाला येतं. ही कल्पना मला फार आवडते, कारण ती मुलांच्या हातात फोन देत नाही, कागद देते. प्रत्येक मुलाला एक छापील कार्ड. त्यावर क्यूआर कोडसारखी एक आकृती आणि चार कडांना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. आपलं उत्तर जे असेल ती कड वर करून कार्ड धरायचं. शिक्षकाने फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कोणी काय उत्तर दिलं ते क्षणात नोंदलं जातं. अक्षरं इतकी बारीक असतात की शेजारच्याची नक्कल जमत नाही, आणि चुकलेल्याला वर्गासमोर खाली पाहावं लागत नाही. नेहमीच्या संचात चाळीस कार्डं असतात. साध्या कागदावर छापून पुठ्ठ्यावर चिकटवली की वर्षभर टिकतात. स्कॅन करायला मात्र शिक्षकाच्या फोनला नेट लागतं आणि मोफत खात्याला काही मर्यादा आहेत.

हे साधन हाती आल्यावर ते गुण देण्यासाठी वापरायचा मोह होतो. आकारिक मूल्यमापनाच्या नोंदी आयत्या मिळाल्या, असं वाटतं. पण त्याचा खरा उपयोग दुसराच आहे. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९० च्या दशकात एक पद्धत रूढ केली. एक प्रश्न विचारायचा आणि प्रत्येकाचं उत्तर घ्यायचं. बरोबर काय ते सांगायचंच नाही. शेजाऱ्याशी दोन मिनिटं वाद घालायला लावायचं आणि पुन्हा उत्तर घ्यायचं. दुसऱ्या वेळी वर्गाचा कौल बहुधा बरोबर उत्तराकडे झुकतो, कारण नुकतंच समजलेलं मूल न समजलेल्याला सरांपेक्षा बरं समजावून सांगतं. सगळे पहिल्याच फेरीत बरोबर निघाले तर प्रश्न सोपा होता, पुढे चला. बहुतेक सगळे चुकले तर चर्चेने काही होणार नाही, तुम्हीच शिकवा. मधली स्थिती असेल तरच वाद लावावा. नेट नसेल तर चार रंगांचे घोटीव कागद डोक्यावर धरूनही हे होतं. मग नोंद राहत नाही, पण वाद तेवढाच रंगतो.

गणिताच्या शिक्षकांसाठी 'जिओजेब्रा'. साल्झबर्ग विद्यापीठात शिकत असताना मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ च्या सुमारास ते रचलं. फळ्यावर आपण एक त्रिकोण काढतो आणि तो बहुधा दिसायला सुबक, लघुकोनच असतो. त्यामुळे परिकेंद्र त्रिकोणाच्या आतच असतं, असं मुलं धरून चालतात. जिओजेब्रात शिरोबिंदू बोटाने ओढत त्रिकोण विशालकोन केला की परिकेंद्र सरकत सरकत कडेला येतं आणि बाहेर पडतं. नेमक्या कोणत्या क्षणी? काटकोन झाला तेव्हा ते कर्णाच्या मध्यावर होतं. हे मुलांनी स्वतः पाहिलं की पुढचं प्रमेय पाठ करायचं ओझं राहत नाही.

प्राथमिकच्या शिक्षकाची अडचण वेगळी आहे. त्याला पुस्तकं हवीत. वाचायला शिकलेल्या मुलाला लगेच पुढचं आणि त्याच्या पातळीचं पुस्तक मिळालं नाही, तर वाचन तिथेच थांबतं. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेलं 'स्टोरीवीव्हर' इथे अगदी उपयोगी पडतं. चित्रांच्या गोष्टी चार वाचन-पातळ्यांत लावलेल्या आहेत, मराठीत भरपूर आहेत आणि खुल्या परवान्याखाली आहेत. म्हणजे त्या छापा, वाटा, भाषांतर करा, बदला. लेखक-चित्रकाराचं नाव दिलं की झालं. मेळघाटातल्या कोरकू बोलणाऱ्या मुलासाठी शाळेची मराठी हीच परकी असते. तिथल्या शिक्षकाला एखादी गोष्ट मुलांच्या मदतीने कोरकूत उतरवून डावीकडे कोरकू, उजवीकडे मराठी अशी छापता येते. मुलं सांगतात, गुरुजी लिहून घेतात. त्या एका तासात शिकवणारं कोण आणि शिकणारं कोण, हेही बदलतं. अहिराणी, मालवणी, झाडीबोली बोलणाऱ्या मुलांच्या वर्गातही हे करून पाहण्यासारखं आहे.

पडद्याचाच कंटाळा आला असेल तर अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर जा. आयआयटी कानपूरचा हा अभियंता सत्तरच्या दशकात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमाकडे वळला. पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करण्याचा अक्षरशः कारखाना काढला. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह-ट्यूबपासून भूमितीच्या आकृत्या, स्ट्रॉची पिपाणी, चुंबकावर तरंगणारी पेन्सिल, असं बरंच काही. छोट्या चित्रफिती मराठीतही आहेत आणि मराठी पुस्तकांचा मोठा साठा फुकट उतरवता येतो. नेट एकदाच, तेही शिक्षकाला लागतं. मुलांच्या हातात शेवटी खेळणं येतं.

भाषेच्या शिक्षकासाठी दोन ठिकाणं पुरेशी आहेत. वाईला ज्याचं काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी उभं केलं, तो मराठी विश्वकोश आज पूर्ण ऑनलाइन आहे. शिकागो विद्यापीठाच्या संग्रहात मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' शोधता येतो. कवितेतला एखादा जुना शब्द मार्गदर्शिकेत 'म्हणजे अमुक' एवढाच दिलेला असतो. कोशात त्याची सगळी भावंडं सापडतात. भूगोलासाठी गूगल अर्थ किंवा इस्रोचं 'भुवन' उघडा. आधी शाळेचं छप्पर, गावचा ओढा शोधू द्या, मग सह्याद्रीचा कडा कोकणाकडे कसा तुटतो ते दाखवा. आकाशासाठी 'स्टेलेरियम'.

आता टंकलेखनाचं. शाळाशाळांत संगणकांवर जुन्या फॉन्टमधल्या प्रश्नपत्रिका पडून आहेत. दुसऱ्या संगणकावर उघडल्या की नुसती चिन्हं दिसतात. युनिकोडमध्ये बदलून देणारी मोफत साधनं आहेत. एक दिवस लावून तो साठा बदलून घेतला तर पुन्हा टाइप करायची वेळ येत नाही. नवीन मजकुरासाठी बोलून टाइप करणं सर्वांत सोपं. गूगलच्या कीबोर्डवर मराठीसाठी ही सोय २०१७ पासून आहे. विरामचिन्हं आणि ऱ्हस्व-दीर्घ मात्र नजरेखालून घालावे लागतात.

आणि अर्थातच चॅटजीपीटी, जेमिनाय. शब्दांकित उदाहरणं करून घ्यायला ही साधनं झकास आहेत. 'आठवडी बाजार, कांदा, क्विंटल, शेकडेवारी' एवढं सांगितलं तरी डझनभर गणितं पुढ्यात येतात. मात्र उत्तरं स्वतः सोडवून पाहिल्याशिवाय फळ्यावर लिहू नयेत. मराठी व्याकरणात तर फार जपून. समासाचा विग्रह किंवा वृत्ताचे गण ही साधनं चुकीचेही तितक्याच ठामपणे सांगतात. त्यापेक्षा पाठाचा उतारा त्यांना द्यावा आणि फक्त त्याच्यावरच प्रश्न काढायला सांगावे. यंत्राला माहिती विचारण्यापेक्षा आपल्याकडची माहिती देऊन काम सांगितलं की फसगत कमी होते.

अशा कोणत्याही साधनात मुलांची खरी नावं भरायची गरज नसते. प्लिकर्सला हजेरी क्रमांक पुरतो. २०२३ च्या विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानलं आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती महत्त्वाची ठरवली आहे. गटावर रोज टाकल्या जाणाऱ्या वर्गाच्या फोटोंचाही या निमित्ताने विचार व्हायला हवा. ते फोटो बहुतेकदा मुलांसाठी नसतातच, वरच्या कार्यालयाला पुरावा म्हणून असतात. शिक्षकाचा फोन माहिती भरण्यात आणि पुरावे पाठवण्यात इतका अडकलेला असतो की तो शिकवण्यासाठी उरणं हीच खरी अडचण आहे, आणि ती कोणतंही अॅप सोडवणार नाही.

एक उणीव मात्र शिक्षकच भरून काढू शकतात. 'फेट'ची प्रतिरूपं मराठीत आली आहेत, पण त्यांच्यासोबत वापरायच्या कृतिपत्रिका, म्हणजे 'आधी काय विचारा, मग काय जोडा, शेवटी काय लिहून घ्या' हे सांगणारे कागद, बहुतेक इंग्रजीतच आहेत. त्या जगभरच्या शिक्षकांनीच लिहून तिथे ठेवल्या आहेत. नोंदणी मोफत आहे आणि कोणत्याही भाषेतली कृतिपत्रिका स्वीकारली जाते. आठवीच्या धाराविद्युतवर एखाद्या बाईंनी किंवा सरांनी काढलेलं दोन पानी टाचण तिथे चढवलं, तर पुढच्या जूनमध्ये दुसऱ्या जिल्ह्यातल्या शिक्षकाला ते थेट छापून वर्गात नेता येईल.