वाफसा ओळखणारी डबी



पिकाला पाणी केव्हा द्यावे, हा शेतकऱ्यापुढचा रोजचा प्रश्न. आपले वाडवडील मूठभर माती दाबून पाहत. लाडू वळला आणि बोटाने दाबताच फुटला, तर वाफसा आहे असे समजत. लाडू वळलाच नाही तर पाणी द्यायचे. हाताला चिखल लागला तर थांबायचे. आज बमरोलीत आपल्यापैकी अनेकांची मुले यंत्रमागावर किंवा कारखान्यात कामाला आहेत आणि शेत मात्र गावी, नवापूर-नंदुरबारकडे. या मुलांना मातीपेक्षा तारा आणि स्क्रू अधिक ओळखीचे. म्हणून बापलेकांनी मिळून करावा असा एक गमतीचा उद्योग आज सांगत आहोत.

बाजारात आर्डुइनो नावाची, पत्त्यांच्या कॅटाएवढी एक पाटी मिळते. तिच्यावर एक छोटा संगणकच असतो. इटलीतील इव्रेया या गावी २००५ साली काही शिक्षकांनी विद्यार्थ्यांसाठी ती तयार केली आणि तिचा आराखडा सर्वांना खुला ठेवला. त्यामुळे तिच्यासारख्या पाट्या आज काही शे रुपयांत मिळतात. संगणकावर चार ओळी लिहून तारेने पाटीत भरल्या, की ती सांगितलेले काम करत राहते.

हे काम शिकल्या-सवरलेल्यांचेच आहे असे समजू नका. पुणे जिल्ह्यातील पाबळ या कोरडवाहू गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत मागे पडलेली खेड्यातील मुले तेथे हाताने काम करता करता विज्ञान शिकू लागली. २००२ साली अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेच्या सहकार्याने तेथे फॅब लॅब नावाची कार्यशाळा उभी राहिली. पाबळच्या मुलांना जे जमते ते आपल्या मुलांना का जमू नये?

आता आमची फजिती ऐका. आम्ही मोठ्या हौसेने अशी एक डबी करून आमच्या वांग्याच्या वाफ्यात बसवली. मातीत दोन काटे खुपसलेले आणि माती सुकली की लाल दिवा लागायचा. काही आठवडे सारे ठीक चालले. मग दिवा रोजच लागू लागला आणि आम्ही रोज पाणी देत राहिलो. वांगी पिवळी पडली. एका वृद्ध शेतकऱ्याने मातीत हात घातला आणि म्हणाले, "फादर, हा तर चिखल आहे!" काटे उपटून पाहिले तर एक काटा गंजून अर्धा झाला होता. रात्रंदिवस वीज खेळल्यामुळे धातू झिजला होता. गंजलेल्या काट्यातून वीज नीट जाईना, म्हणून डबीला माती कोरडी वाटत होती. मुळे कुजली होती. दोष डबीचा नव्हता. आम्ही हात मातीत घालणे सोडले होते, ही आमची चूक.

त्यातून शिकलो ते असे. साहित्य थोडेच लागते: एक पाटी, मातीचा ओलावा मोजणारा सेन्सर, एक लाल दिवा, २२० ओहमचा रेझिस्टर आणि तारा. सेन्सर शक्यतो कपॅसिटिव्ह जातीचा घ्या. त्याचा धातू मातीला लागत नाही, म्हणून तो गंजत नाही. दोन काट्यांचाच असेल तर त्याला वीज पाटीच्या ७ क्रमांकाच्या टोकातून द्या. दर तासाला क्षणभर वीज दे, आकडा वाच, वीज बंद कर, असे पाटीला लिहून सांगा. काटे पुष्कळ दिवस टिकतील.

पाटी ओलावा ० ते १०२३ अशा आकड्यांत सांगते. पण कोणता आकडा म्हणजे वाफसा, हे तिला ठाऊक नसते. ते वडिलांनी शिकवायचे. आपल्याच शेतातील माती तीन डब्यांत घ्या. एकीत उन्हात वाळवलेली, दुसरीत पूर्ण भिजवलेली, आणि तिसरीत वडील मुठीत दाबून "हा वाफसा" म्हणतील ती. तिन्हींचे आकडे वहीत लिहा. वाफसा आणि कोरडी यांच्यामधला आकडा आला की दिवा लागावा, असे मुलाने पाटीत भरावे. शेजाऱ्याचा आकडा घेऊ नका. बी पेरणाऱ्याच्या दाखल्यात बी एकच होते, पण जमिनी वेगवेगळ्या होत्या. काळ्या जमिनीचा आकडा रेताड जमिनीला चालत नाही. आणि आठवड्यातून एकदा तरी मूठ दाबून डबीची परीक्षा घ्या.

हा खेळ मुलांचा असला तरी फायदा मोठा आहे. १९७२ साली उकाई धरण पूर्ण झाले आणि तापीचे पाणी कालव्यांनी दूरवर गेले. जेथे पाणी मुबलक, तेथे ते जास्त देण्याचा मोह होतो. मग मुळांना हवा मिळत नाही, क्षार वर येतात आणि जमीन चोपण होते. चोपण झालेली जमीन सुधारायला वर्षे लागतात.

शेवटी आरोग्याचा इशारा. ही पाटी ५ व्होल्टवर चालते. तिचा धक्का बसत नाही. विहिरीवरच्या मोटारीची वीज मात्र जीवघेणी असते. मुलांना ती डबी मोटारीला जोडू देऊ नका. ते काम परवानाधारक वायरमनचे. डबीने दिवा लावावा आणि माणसाने, कोरड्या हाताने, पायात चप्पल घालून, स्टार्टर दाबावा. तारांना डाग द्यायचे असतील तर खिडकी उघडी ठेवा आणि नंतर हात साबणाने धुवा, कारण पुष्कळ डागात शिसे असते.

दिवाळीच्या सुट्टीत मुले घरी असतील. तेव्हा एक संध्याकाळ राखून ठेवा. मुलाने तारा जोडाव्यात, वडिलांनी मूठ दाबावी. शेतकऱ्यांचे आश्रयदाते संत इसिदोर आपल्या शेतांसाठी आणि घरांसाठी प्रार्थना करोत.