भूक कमी करणारं इंजेक्शन: वजन घटतं, पण नेमकं काय घटतं?

मार्च 2025 मध्ये 'मौंजारो' आणि जूनमध्ये 'वेगोवी' भारतात आलं. तेव्हापासून गावाकडून, म्हणजे धनजहून (ता. कारंजा, जि. वाशीम) फोन आला की एक प्रश्न हमखास असतो: "ते वजनाचं इंजेक्शन घेतलं तर चालते का?" मी जीवरसायनशास्त्रात पीएचडी करतो, डॉक्टर नाही. कोणी घ्यावं हे तुमचे डॉक्टरच ठरवतील. औषध शरीरात काय करतं आणि जपायचं कुठे, एवढं इथे सांगतो.

जुन्या गोळ्यांचा अनुभव

भूक मारणारी औषधं नवी नाहीत. फेनफ्लुरामिनमुळे हृदयाच्या झडपा बिघडतात असं दिसल्यावर 1997 मध्ये अमेरिकेत ते बाजारातून काढलं. सिब्युट्रामिन भारतातही विकलं जायचं. सुमारे दहा हजार रुग्णांवरच्या अभ्यासात त्यामुळे हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचा धोका वाढल्याचं दिसलं आणि 2011 मध्ये आपल्याकडे त्यावर बंदी आली. हेच सिब्युट्रामिन 'हर्बल' म्हणून विकल्या जाणाऱ्या स्लिमिंग गोळ्यांमध्ये अमेरिकी औषध नियामकाला वारंवार सापडलं आहे. म्हणून डब्यावर घटक नीट लिहिलेले नसतील तर ती पावडर किंवा गोळी घेऊच नका.

नवं औषध वेगळं कसं?

जेवल्यावर आपल्या आतड्यातून जीएलपी-1 नावाचं संप्रेरक निघतं. 'पोट भरलं' हा निरोप ते मेंदूला देतं, पण दोनेक मिनिटांत विरघळून जातं. वेगोवीतलं सेमाग्लुटाइड त्याचीच नक्कल करतं, फक्त ते आठवडाभर टिकतं. पोट हळू रिकामं होतं आणि भूक मंदावते. मौंजारोतलं टिर्झेपटाइड आणखी एका संप्रेरकाचीही नक्कल करतं.

2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचं वजन 68 आठवड्यांत सरासरी 14.9 टक्के घटलं. औषध नसलेलं इंजेक्शन घेणाऱ्यांचं फक्त 2.4 टक्के. म्हणजे औषध काम करतं, यात वाद नाही.

मग अडचण कुठे आहे?

त्याच चाचणीत काही जणांच्या शरीराची मोजणी केली, तेव्हा घटलेल्या वजनातला साधारण 40 टक्के भाग चरबीचा नव्हताच. त्यात स्नायूही होते. आपल्याला हे जास्त महाग पडू शकतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच आकडे छापले होते. दोघांचा बीएमआय सारखाच, 22.3. पण चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के! दिसायला सडपातळ, आतून चरबी जास्त आणि स्नायू कमी, अशी आपल्यापैकी अनेकांची ठेवण असते. आधीच कमी असलेले स्नायू आणखी गेले, तर काटा खुश होईल, गुडघे होणार नाहीत.

त्यात औषध बंद केल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आल्याचं दिसलं. म्हणून 'लग्नापुरतं दोन महिने घेतो' हा हिशेब जमत नाही.

घेत असाल तर

- डोस हळूच वाढतो. वेगोवी आठवड्याला 0.25 मिलीग्रॅमपासून सुरू होतं आणि 2.4 पर्यंत जायला चार महिने लागतात. घाई केली की मळमळ आणि उलट्या वाढतात. मेच्या उन्हात उलट्या होऊन शरीरातलं पाणी कमी झालं, तर किडनीवर ताण येतो.
- प्रथिनं मोजा. आयसीएमआरच्या हिशेबाने किलोमागे रोज 0.83 ग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 50 ग्रॅम. शंभर ग्रॅम कोरड्या तूरडाळीत साधारण 22 ग्रॅम असतात. भूक मेल्यावर पातळ वरणाच्या वाटीवर हे भागत नाही. उसळ, अंडी, दही आधी खा, भात नंतर. सोबत वजन उचलण्याचा व्यायाम हवाच. किडनीचा त्रास असेल तर प्रथिनं डॉक्टरांना विचारूनच वाढवा.
- शुगरची गोळी सांगा. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन सुरू असेल तर साखर एकदम खाली जाऊ शकते. नवरात्राच्या उपवासात तर जास्तच.
- पेन थंड ठेवा. न वापरलेलं पेन फ्रीजमध्ये 2 ते 8 अंशांत ठेवायचं, बर्फाच्या कप्प्यात नाही. सुरू केलेलं पेन बाहेर किती दिवस चालतं ते सोबतच्या कागदावर असतं, तेही 30 अंशांपर्यंतच. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि लाइन गेली की फ्रीजही बंद. त्यामुळे महिन्यांचा साठा करू नका.
- काही जणांनी घेऊच नये. गरोदर स्त्रिया आणि घरात मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर झालेला असलेले. मूल हवं असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी बंद करावं लागतं.
- पोटात जोरात दुखून कळ पाठीत जात असेल तर थांबू नका, तडक दवाखान्यात जा. स्वादुपिंडाला सूज आलेली असू शकते.

शेवटी एकच. ओळखीच्या मेडिकलवरून चिठ्ठीशिवाय पेन आणू नका. वजनासोबत कंबर मोजा आणि खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठता येतं का, तेही दर महिन्याला बघा. किलो कमी होताहेत आणि उठणं जड जातंय, तर पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना गाठा.