कार्बन डायऑक्साइडची भूगर्भीय साठवण

कार्बन डायऑक्साइडची भूगर्भीय साठवण म्हणजे वीजकेंद्रे, कारखाने किंवा वायुक्षेत्रे येथे वेगळा काढलेला कार्बन डायऑक्साइड वातावरणात न सोडता खोल भूस्तरांतील सच्छिद्र खडकांत कायमचा डांबून ठेवणे होय. यासाठी मुख्यतः उपसून रिते झालेले तेलसाठे आणि खाऱ्या पाण्याने भरलेले वालुकाश्माचे थर वापरले जातात.

'साठवण' या शब्दामुळे एखादी भूमिगत गुहा डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात वायू वाळूच्या कणांमधील सूक्ष्म छिद्रांत शिरतो. सुमारे ८०० मीटरपेक्षा अधिक खोलीवर दाबामुळे तो द्रवासारखा दाट होतो व त्यास फारच कमी जागा लागते. तरीही खाऱ्या पाण्याहून हलका असल्याने तो वर चढू पाहतो. म्हणून वर शेलसारख्या अभेद्य खडकाचे झाकण असणे ही पहिली अट होय. कालांतराने काही वायू छिद्रांत अडकतो, तर काही पाण्यात विरघळतो. असे पाणी किंचित जड होऊन खाली बसते व गळतीची भीती कमी होते.

स्लाइपनर

नॉर्वेच्या हद्दीतील उत्तर समुद्रात स्लाइपनर येथे १९९६ पासून ही साठवण चालू झाली. तेथील नैसर्गिक वायूत सुमारे ९ टक्के कार्बन डायऑक्साइड असे आणि विक्रीसाठी ते प्रमाण २.५ टक्क्यांपर्यंत उतरवावे लागे. वेगळा काढलेला वायू हवेत सोडणे सर्वांत सोपे होते. परंतु नॉर्वेने १९९१ मध्ये कार्बन कर लागू केला होता. तेव्हा स्टाटऑइल (आताची इक्विनॉर) कंपनीने तो समुद्रतळाखालील उत्सिरा या क्षारजलयुक्त वालुकाश्मात सोडला. वर्षाला सुमारे १० लाख टन वायू अशा रीतीने गाडला जाऊ लागला. पर्यावरणप्रेमापेक्षा कराचा हिशेब येथे अधिक कामी आला, असे म्हणण्यास हरकत नाही. वायू कोठवर पसरला, हे ध्वनिलहरींच्या साहाय्याने वेळोवेळी पाहिले जाते.

तेलक्षेत्रे

रित्या तेलक्षेत्रांचे झाकण लक्षावधी वर्षे टिकलेले असते, ही मोठीच जमेची बाजू. पण माणसाने त्यात पाडलेल्या जुन्या विहिरी नीट बुजवल्या नसतील, तर तेथूनच गळती संभवते. कॅनडातील वेबर्न तेलक्षेत्रात २००० पासून अमेरिकेतील नॉर्थ डकोटाहून नळाने आणलेला वायू सोडला गेला. उरलेले तेल वर ढकलणे हा त्यामागील हेतू होता. ते तेल जळल्यावर निघणारा कार्बन डायऑक्साइड लाभातून वजा करावाच लागतो.

दाब फार वाढल्यास झाकणाच्या खडकालाही धोका पोहोचतो. अल्जीरियातील इन सालाह येथे वायू सोडल्यामुळे जमीन काही मिलिमीटर उचलल्याचे उपग्रहांनी टिपले. झाकणाच्या भक्कमपणाविषयी शंका आल्याने २०११ मध्ये तेथील काम थांबवण्यात आले.