आगगाडीचे पाणी आणि माळावरचे गवत

१२ एप्रिल २०१६ रोजी लातूरच्या स्थानकात एक निराळीच मालगाडी आली. तिच्या १० टाक्यांत मिरजेहून आणलेले सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. दुष्काळाने मांजरा धरण कोरडे पडले होते. त्याच उन्हाळ्यात लातूरकरांनी लोकवर्गणी काढून मांजरा नदीच्या पात्रातला गाळ उपसला. पुढे शहरात झाडे लावण्याचे कामही नागरिकांनी हाती घेतले.

आता एक गणित करा. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. त्यावर १ सेंटिमीटर पाऊस पडला तर पाणी किती? १०० घनमीटर, म्हणजे १ लाख लिटर! लातूरला वर्षाकाठी सरासरी सुमारे ८० सेंटिमीटर पाऊस पडतो. म्हणजे एकेका हेक्टरावर तशा १६ गाड्यांचे पाणी आकाशातून उतरते. मग ते जाते कोठे?

काही पाण्याची वाफ होते, काही पिके शोषून घेतात, काही मुरते. परंतु जोराच्या सरीचे थेंब उघड्या जमिनीवर आदळले, की मातीचे कण सुटून बारीक छिद्रे बुजवतात. मग पाणी मुरत नाही; माती घेऊन वाहू लागते. नदीतला गाळ तो हाच. म्हणून तो एकदा उपसून भागत नाही. वरच्या रानातली माती जागेवर राहिली पाहिजे.

झाडे लावली म्हणजे पाऊस पडतो का? मराठवाड्यात पाऊस कमी, कारण अरबी समुद्रावरून येणारे वारे आपले बरेच बाष्प सह्याद्रीवरच रिते करतात. चार झाडांनी ते बदलत नाही. मात्र पडलेला पाऊस धरून ठेवायला झाडे आणि गवत फार उपयोगी. तापलेल्या हवेत बाष्प अधिक मावते, त्यामुळे पृथ्वी तापू लागली तशा मुसळधार सरी वाढत आहेत. तेव्हा हे काम अधिकच निकडीचे झाले आहे.

नांदेड जिल्ह्यात किनवटकडे सागाचे जंगल आहे; लातूर जिल्ह्यात जंगल १ टक्क्याहूनही कमी. मग दिसेल त्या माळावर खड्डे खणावेत काय? नाही! माळ ओसाड नसतो. काळविटाला मोकळे गवत लागते. चंडोल तर जमिनीवरच घरटे करतो. गवताची मुळे माती बांधून ठेवतात आणि हवेतला कार्बन जमिनीत साठवतात. म्हणून वड, उंबर, करंज ओढ्याकाठी, बांधावर आणि रस्त्याकडेला लावावेत. माळावर मात्र गवतच राखावे.

हे तुम्ही स्वतः पडताळून पाहा. दोन सारख्या पसरट डब्यांच्या एका कडेला खाच पाडा. एकात नुसती माती भरा, दुसऱ्यात गवतासकट उचललेली माती. दोन्ही डबे खाचेकडे सारखेच कलते ठेवा आणि झारीने सारखेच पाणी शिंपडा. खाचेतून येणारे पाणी दोन पेल्यांत धरा. कोणत्या पेल्यात पाणी जास्त आले? कोणते अधिक गढूळ आहे? उत्तर वहीत लिहा, आणि मग आपल्या गावचा ओढा पाहून या.