येळवशीला रान मोकळं कसं होतं?

मार्गशीर्ष अमावस्येला लातूर शहर दुपारच्या आत रिकामं होतं. बाजारपेठेतली शटर खाली असतात, रस्त्यावर चिटपाखरू नसतं आणि वर्तमानपत्रं ठरल्याप्रमाणे ‘अघोषित संचारबंदी’ असा मथळा देतात. माणसं गेलेली असतात शेतात, वेळ अमावस्येला, म्हणजे आपल्या बोलीतल्या येळवशीला. लातूर, धाराशिव आणि नांदेडचा त्यांना लागून असलेला पट्टा, पलीकडे बिदर-कलबुर्गी, हा सगळा या सणाचा मुलूख. खेड्यातल्या मोकळ्या बालपणाबद्दल आपण हळहळतो तेव्हा ते काळाच्या ओघात आपोआप गेलं, असं गृहीत धरतो. येळवस नीट पाहिली तर उलट दिसतं. हे बालपण आपोआप आलेलंही नव्हतं. कुणीतरी त्याची सोय केलेली होती आणि जिथे ती सोय टिकली तिथे आजही पोरं बांधावर हुंदडताना दिसतात.

सोय म्हणजे काय, ते कोपेजवळ उभं राहिलं की कळतं. कडब्याच्या पेंढ्या एकमेकींना टेकवून कोप उभी करतात, आत चुन्याने रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतात. पूजा झाली की आंबिल शेतभर शिंपडतात आणि मग पंगत. भज्जी हा या दिवसाचा खरा मानकरी: तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे ओले दाणे, मिळेल तो पाला, चिंचेचा कोळ आणि वर बेसन. सोबत बाजरीचे उंडे आणि मडक्यातलं, लसूण घातलेलं ताकाचं आंबिल. (येळवशीची भज्जी आणि हॉटेलातली भजी यांचा नावापुरताही संबंध जोडू नये.) जेवणं उरकली की मोठी माणसं कोपेच्या सावलीला आडवी होतात, आणि पोरांचा दिवस तिथून पुढे सुरू होतो: चिंचेला झोका, बोरी झोडपणं, हरभऱ्याचे घाटे सोलून खाणं, शेजारच्या शेतात न विचारता घुसणं. त्यांच्यावर नजर असते, पण हातात छडी घेऊन कुणी मागे नसतं. या सगळ्यामागे तीन गोष्टी आहेत. लातूरचं जिल्हा प्रशासन या दिवशी स्थानिक सुट्टी देतं, म्हणून वेळ मिळतो. आई-बाप स्वतः येतात, म्हणून सोबत मिळते. आणि ज्याला शेत नाही त्याला दुसऱ्याच्या शेतातून बोलावणं येतं, म्हणून जागा मिळते.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे: खेड्यातलं बालपण म्हणजे नुसता झोका नव्हे. ज्या जिल्ह्याला एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथल्या मुलांच्या डोक्यावर घागर आधी आली, खेळ नंतर. आजही मुखेड-कंधारच्या तांड्यांवरची कितीतरी पोरं येळवशीच्या सुमारास आई-बापाबरोबर ऊसतोडीच्या फडावर असतात. आभाळाखाली तीही असतात. पण त्याला कुणी मोकळं बालपण म्हणणार नाही. माझ्या मते हा आक्षेप मूळ मुद्दा खोडत नाही, पक्का करतो. नुसतं रान पुरत नाही, रिकामा वेळही लागतो. शिवाय बोलावण्याचा रिवाज जातीच्या भिंतीपाशी किती वेळा अडला, हेही प्रत्येक गावाने स्वतःला विचारावं.

दुसरा आक्षेप क्लासवाल्या पालकांचा. कोरडवाहू मुलखात वर जायची एकच शिडी आहे, ती म्हणजे परीक्षा. ‘लातूर पॅटर्न’ त्यातूनच उभा राहिला आणि नांदेडही त्याच वाटेने गेलं. मुलाने रानात भटकायचं की ‘नीट’ परीक्षेची तयारी करायची? ही निवड मुळात खोटी आहे, कारण मोकळा वेळ शाळेच्या वेळापत्रकातच बसवता येतो. चीनमधल्या ग्वांगझू शहरात 12 प्राथमिक शाळांवर एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष 2015 साली प्रसिद्ध झाले. निम्म्या शाळांनी पहिलीच्या मुलांसाठी रोज 40 मिनिटांचा एक जादा तास उघड्यावर ठेवला. तीन वर्षांत नव्याने लघुदृष्टी आलेल्यांचं प्रमाण इतर शाळांत 39.5 टक्के होतं, या शाळांत 30.4 टक्के. तिथे ना शेत होतं ना सण. वेळापत्रकात एक तास होता, इतकंच.

येळवस वर्षातून एकदाच येते, तेवढ्याने काय होणार, असंही कुणी म्हणेल. एका दिवसाने डोळे सुधारत नाहीत, हे खरं. शिवाय सोयाबीनने ज्वारीचं रान खाल्ल्यापासून कोपेला कडबाही शोधावा लागतो. बऱ्याच ठिकाणी साडी किंवा ताडपत्री ताणून भागवतात. पण सबंध शहर एक दिवस बंद ठेवणं ज्यांना जमतं, त्यांना रोजची 40 मिनिटं अवघड नाहीत. तेव्हा लातूर-नांदेडच्या शाळांनी आणि क्लासचालकांनी दोन गोष्टी कराव्यात: येळवशीच्या दुसऱ्या दिवशी चाचणी ठेवू नये, आणि पहिली ते आठवीच्या वेळापत्रकात मैदानाचा तास रोज ठेवून तो गणिताला उसना देऊ नये.